गुन्हेकथेचे रूपांतर आणि प्रेक्षकाची तक्रार

कादंबरीवरून दूरचित्रवाणीसाठी रूपांतर झाले की प्रेक्षकांकडून पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच येते : ‘पुस्तकातले हे नव्हे.’ समीक्षक या उद्गाराकडे फारसे लक्ष देत नाहीत. दोन माध्यमांचे धर्म भिन्न असतात, रूपांतर ही स्वतंत्र निर्मिती असते, मूळ संहितेशी एकनिष्ठ राहण्याचे बंधन तिच्यावर घालता येत नाही, इत्यादी उत्तरे आता इतकी रूढ झाली आहेत की ती देताना विचार करावा लागत नाही. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु प्रेक्षकाने विचारलेल्या प्रश्नाची ती उत्तरे नव्हेत. प्रेक्षकाला एकनिष्ठतेचा हिशेब क्वचितच हवा असतो. त्याचे काहीतरी हरवलेले असते, आणि ते काय हे नेमके सांगता न आल्यामुळे तो पुस्तकाचे नाव घेतो. ही हरवलेली वस्तू कोणती याचा शोध गुन्हेकथेच्या संदर्भात विशेष फलदायी ठरेल असे वाटल्यावरून प्रस्तुत विवेचन केले आहे.

गुन्हेकथाच का, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. या कथाप्रकारात वाचलेला प्रेक्षक आणि न वाचलेला प्रेक्षक हे एकाच खोलीत बसून दोन निराळ्या कलाकृती पाहत असतात. सामाजिक कादंबरीचा शेवट ठाऊक असल्याने तिच्या आस्वादात फारशी उणीव येत नाही. गुन्हेकथेचे भांडवल मात्र रहस्य हेच असते असे आपण धरून चालतो, आणि वाचकाने ते आधीच खर्च केलेले असते. मग तो मालिका कशासाठी पाहतो? आणि पाहून झाल्यावर रागावतो तरी कशासाठी? रहस्य हेच या प्रकाराचे सर्वस्व असते, तर त्याने मुळात पाहिलेच नसते, आणि पाहिले तरी उदासीनपणे पाहिले असते. तो रागावतो, हळहळतो, भांडतो, याचा अर्थ रहस्य वजा जाता उरणारे काहीतरी त्या कथेत होते आणि तेच त्याला प्रिय होते.

मराठी समीक्षेने या उरलेल्या अंशाचा विचार केला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड ही नावे दोनतीन पिढ्यांच्या तोंडी होती. त्या वाचकांना त्या कथांत काय सापडले याची नोंद मात्र आपल्या वाङ्मयेतिहासात दोन ओळींपलीकडे जात नाही. बंगालीची गोष्ट निराळी. तेथे शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश हा सभ्य साहित्याच्या दिवाणखान्यात उघडपणे वावरतो. (शरदिंदू १९५२पासून पुण्यात राहत होते आणि त्यांच्या पुष्कळशा ब्योमकेशकथा याच काळातल्या आहेत, ही गोष्ट पुणेकरांना क्वचितच ठाऊक असते.) बासु चटर्जी यांनी १९९३ साली दूरदर्शनसाठी हिंदीतून ब्योमकेश आणला, तेव्हा तो ज्यांनी कधी वाचला नव्हता अशा आम्हा हिंदी प्रांतातल्या मराठी कुटुंबांनाही तो आवडला. रजित कपूर यांचा तो शांत, धोतरातला, किंचित खोडकर गृहस्थ आठवतो. पण त्याने उकललेल्या गुन्ह्यांपैकी किती आज सांगता येतील? रहस्ये विसरली गेली. माणूस राहिला.

ही गोष्ट ज्यांनी सिद्धांत म्हणून आधी ओळखली त्यांत स्वीडनच्या लेखकांचा मान मोठा आहे. माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत तीस प्रकरणे. आणि सर्वांना मिळून एकच उपशीर्षक, ‘एका गुन्ह्याची कादंबरी’. हा ‘एक गुन्हा’ म्हणजे पुस्तकातला खून नव्हे. कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याने आपल्याच दुर्बल नागरिकांचा जो विश्वासघात केला असे या मार्क्सवादी जोडीचे मत होते, तो गुन्हा. खुनाचा तपास हे त्या समाजाच्या घराघरांत शिरण्याचे केवळ निमित्त. पोलीस अधिकारी मार्टिन बेक हा प्रतिभावान गुप्तहेर नाही. त्याला सर्दी होते, त्याचा संसार मोडतो, त्याचे सहकारी आळसतात आणि चुकतात. पुढे हेनिंग मांकेल यांनी १९९१ साली ‘चेहरा नसलेले खुनी’ या अर्थाच्या नावाची पहिली वालांदर-कादंबरी प्रसिद्ध केली. तीत एका वृद्ध शेतकरी जोडप्याची हत्या होते, आणि मरता मरता त्या वृद्धेच्या तोंडून ‘परदेशी’ असा शब्द निघतो. त्या एका शब्दाने इस्ताद या लहानशा गावात निर्वासितांविरुद्धचा द्वेष कसा पेटतो हा खरा विषय. खुनी कोण हा दुय्यम.

अशा कादंबऱ्या दूरचित्रवाणीवर आल्या तेव्हा प्रेक्षकांनी काय केले? स्वीडनमध्ये वालांदर प्रथम रोल्फ लास्गोर्ड यांनी १९९४च्या सुमारास साकारला : थोराड, अस्ताव्यस्त, रागीट. २००५मध्ये क्रिस्टर हेन्रिक्सन आले : मितभाषी, काहीसे नीटनेटके, आतल्या आत झिजणारे. त्यांच्या बत्तीस चित्रकथांपैकी प्रत्यक्ष कादंबऱ्यांवर आधारलेल्या अवघ्या दोन. बाकीच्या नव्याने रचलेल्या. २००८मध्ये ब्रिटिशांनी केनेथ ब्राना यांना घेऊन स्वतःची इंग्रजी मालिका काढली, आणि थोड्याच दिवसांत ब्रिटिश प्रेक्षकाला हेन्रिक्सन यांचीही मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पाहावयास मिळू लागली. तेव्हापासून ‘खरा वालांदर कोणता’ हा वाद चालू आहे. या वादाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. मूळ कथानकाशी सर्वांत कमी संबंध असलेल्या हेन्रिक्सन यांना अनेक प्रेक्षक खरा वालांदर मानतात. एकनिष्ठतेचा निकष खरोखर प्रेक्षकांचा असता तर हे अशक्य होते.

बेकच्या मालिकेत तर याहून कडवट प्रसंग घडला. १९९७पासून चालत आलेल्या त्या मालिकेत पीटर हाबर यांच्या बेकइतकाच मिकाएल पेर्सब्रांट यांचा गुन्वाल्ड लार्सन लोकप्रिय होता. नट मालिका सोडून गेल्याने २०१६मध्ये गुन्वाल्डला मारण्यात आले. शोवाल-वालो यांच्या दहाही कादंबऱ्या वाचून काढल्या तरी गुन्वाल्ड मरत नाही. येथे ‘पुस्तकातले हे नव्हे’ ही तक्रार अक्षरशः खरी होती. परंतु ज्यांनी हळहळ केली त्यांतील बहुतेकांनी पुस्तकातला गुन्वाल्ड पाहिलेला नव्हता, त्यांचा गुन्वाल्ड पडद्यावरच जन्मला होता. उलट बाजूचे एक उदाहरण अधिक हृदयद्रावक आहे. वालांदरची मुलगी लिंडा हिची भूमिका करणाऱ्या योहाना सेलस्ट्रम या अभिनेत्रीचे २००७ साली अकाली निधन झाले. लिंडाला नायिका करून तीन कादंबऱ्या लिहिण्याचा मांकेल यांचा संकल्प होता. पहिली झाली होती. पुढच्या दोन त्यांनी लिहिल्या नाहीत. लेखकसुद्धा शेवटी प्रेक्षक होतो. पडद्यावरचा चेहरा त्याच्याही लेखणीच्या आणि कागदाच्या मध्ये येऊन उभा राहतो.

आता आपल्याकडे वळू. भारतात अलीकडच्या काळात कादंबरीवरून निघालेल्या गुन्हेमालिकेची सर्वांत व्यापक चर्चा झाली ती ‘सेक्रेड गेम्स’ची. विक्रम चंद्र यांची ही नऊशेच्या आसपास पृष्ठांची इंग्रजी कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. तिचे पहिले पर्व ६ जुलै २०१८ रोजी आणि दुसरे १५ ऑगस्ट २०१९ रोजी नेटफ्लिक्सवरून प्रसृत झाले, प्रत्येकी आठ भागांचे. मुंबईतला एक शीख पोलीस अधिकारी सरताज सिंग, त्याचा मराठी हवालदार काटेकर, आणि गणेश गायतोंडे हा टोळीप्रमुख ही त्यातली मुख्य पात्रे. मराठी वाचकाला ही कादंबरी परकी म्हणता येणार नाही. तिची भाषा इंग्रजी असली तरी तिची माणसे मराठीत आणि मुंबईच्या हिंदीत विचार करतात. लेखकाने ते शब्द इंग्रजी वाक्यांत तसेच ठेवले आहेत आणि वाचतावाचता त्यांचे अर्थ सांगत बसण्याचे टाळले आहे.

कादंबरीचा घाट येथे थोडा सांगितला पाहिजे. गायतोंडे आरंभीच मरतो, आणि मेल्यानंतर तो आपली सारी कहाणी प्रथमपुरुषी निवेदनातून सरताजला उद्देशून सांगत राहतो. गुन्हेगार बोलतो आहे आणि कायद्याचा प्रतिनिधी ऐकतो आहे, ही मांडणी नवी नाही. जबलपूरच्या वाचकाला तर ती फारच परिचित वाटावी. १८३०नंतरच्या दशकात विल्यम स्लीमन यांनी याच शहरात ठगांच्या कबुलीजबाबांचे प्रचंड दप्तर जमविले. माफीच्या साक्षीदार ठगांसाठी १८३७ साली येथे उद्योगशाळाही निघाली. ठगांच्या सांकेतिक भाषेवरील स्लीमन यांचा ‘रामसीआना’ हा ग्रंथ १८३६चा. आणि निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ची. त्या कादंबरीतला अमीर अली आपली कहाणी साहेबाला सांगतो. साहेब मधूनमधून दचकतो, निषेध करतो, आणि पुढे सांग म्हणतो. इंग्लंडातल्या वाचकाची प्रतिक्रियाही तीच होती : निषेध आणि ‘पुढे सांग’. गुन्हेकथेच्या आस्वादाचे हे द्वंद्व आमच्या गावच्या दप्तरात पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी नोंदलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

फरक एवढाच की त्या सर्व प्रपंचात तिसरा माणूस नव्हता. सांगणारा होता आणि ऐकणारा होता. साहेबाच्या दारात उभा असलेला, ठगाला साखळदंडासह आणणारा आणि परत नेणारा शिपाई कोणाच्याच कथेत आला नाही. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये तो काटेकरच्या रूपाने आला, आणि मालिकेच्या मराठी प्रेक्षकांनी ज्याच्यावर सर्वाधिक प्रेम केले तो हाच होय. नायक सैफ अली खान, खलनायक नवाजुद्दीन सिद्दीकी. पण घरोघरी नाव निघाले ते जितेंद्र जोशी यांच्या काटेकरचे. पहिल्या पर्वाच्या उत्तरार्धात काटेकर मारला जातो, तेव्हा पुढे पाहण्याची इच्छाच राहिली नाही असे म्हणणारे प्रेक्षक मला दीक्षितपुऱ्यातच चारपाच भेटले. त्यांतले एक निवृत्त शिक्षक तर पंचवीस दिवसांत मुंबई वाचते की नाही हे न पाहताच थांबले. मुंबईचे काय व्हायचे ते होवो, असे ते म्हणाले.

हे विधान विनोदी वाटेल, पण समीक्षेच्या दृष्टीने ते फार गंभीर आहे. पंचवीस दिवसांची मुदत ही मालिकाकारांनी घातलेली भर आहे. कादंबरीत असा घटकायंत्राचा काटा नाही. मालिकेला तो घालावा लागला, कारण प्रेक्षकाला पुढच्या भागाकडे ओढून नेण्यासाठी रहस्याचा दोर सतत ताणलेला ठेवणे तिला अवश्य वाटले. आणि त्याच मालिकेचा प्रेक्षक तो दोर हातातून सोडून देऊन एका हवालदाराच्या प्रेताशी थांबतो. दुसऱ्या पर्वाचा शेवट मालिकेने अधांतरी ठेवला : बॉम्ब निकामी होतो की नाही हे सांगितले नाही. त्यावर पुष्कळ ओरड झाली. कादंबरीत मात्र संकट टळते, आणि सरताज आपल्या नित्याच्या, काहीशा मळलेल्या आयुष्यात परत जातो. मुंबई वाचली, पण त्यात विजय कसला, हा कादंबरीचा सूर आहे. मालिकेने शेवट उघडा ठेवून अधिक धीट असल्याचा आव आणला, परंतु माझ्या मते कादंबरीचा तो साधा, नोकरीवर परतण्याचा शेवटच अधिक धीट आहे.

काटेकरच्या मृत्यूबाबत मूळ आणि रूपांतर यांत एक भेद आहे, ज्याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही. कादंबरीतही काटेकर मरतो. पण तेथे तो गायतोंडेच्या महाकारस्थानात मरत नाही. वस्तीतल्या एका सामान्य खुनाचा तपास चालू असतो, मुख्य कथेशी त्याचा संबंध नसतो, आरोपींचा पाठलाग करताना काटेकर बळी पडतो. पुढच्या पृष्ठांवर कथा चालू राहते. आणि मागे राहिलेल्या शालिनीला व मुलांनाही कादंबरी विसरत नाही. मालिकेने हा मृत्यू मुख्य कारस्थानाशी जोडला. नाट्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. आठ भागांत इतक्या प्रिय पात्राला आडवाटेवर मरू देणे कोणाला परवडेल? परंतु त्यामुळे मृत्यूला अर्थ प्राप्त झाला. कादंबरीतला मृत्यू निरर्थक होता, आणि त्या निरर्थकतेतच लेखकाचे म्हणणे होते : हवालदार बहुधा इतिहासाच्या कोणत्याही मोठ्या प्रकरणात मरत नाही, मंगळवारच्या एखाद्या किरकोळ कामात मरतो. मालिकेने त्याला हुतात्मा केले. कादंबरीने त्याला नुसते मरू दिले होते.

हा बदल प्रेक्षकांना खटकला नाही, उलट भिडला, याचे कारण पडद्याबाहेर आहे. कादंबरी २००६ची. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना अजमल कसाबला धरून ठेवले आणि गोळ्या झेलून प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. २०१८चा प्रेक्षक काटेकरला पाहताना ओंबळ्यांना विसरून पाहू शकत नव्हता. २००६च्या वाचकाजवळ ही स्मृती नव्हती. संहिता तीच राहिली तरी मधल्या बारा वर्षांनी तिच्यातल्या एका पात्राचे वजन बदलून टाकले. रूपांतरकारांनी हे जाणूनबुजून साधले किंवा कसे हा प्रश्न गौण आहे. प्रेक्षकाने ते आपल्या बाजूने पूर्ण केले.

त्यापूर्वीचा इतिहासही ध्यानात घ्यावयास हवा. मराठी हवालदार हा हिंदी चित्रपटाचा जुना विनोदी ऐवज. टोपी सरकलेली, पोट सुटलेले, ‘साब, साब’ करीत चोराच्या उलट दिशेने धावणारा. दादा कोंडक्यांच्या १९७५च्या ‘पांडू हवालदार’ने त्या पात्राला मायेची ऊब दिली, तरी तो हास्याच्या चौकटीतच राहिला. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून १९८३ साली गोविंद निहलानी यांनी ‘अर्धसत्य’ काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे. तेथे मराठी पोलीस प्रथमच पूर्ण गांभीर्याने हिंदी पडद्यावर उभा राहिला. पण तो फौजदार होता, आणि त्याला हिंदी बोलावी लागली. मराठी कथेतला मराठी माणूस हिंदीत गेला, भाषा मागे ठेवून गेला. ओम पुरींचा अनंत वेलणकर हा अभिनयाचा उत्कृष्ट नमुना आहे यात शंका नाही; पण कान बंद करून पाहिले तर तो वेलणकर वाटतो, कान उघडे ठेवले तर आपण त्याला सवलत देत असतो.

येथे मी ज्या मुद्द्याकडे येऊ पाहत होतो तो आला. काटेकरला सवलत द्यावी लागली नाही. तो हिंदी बोलतो, पण ती मराठी माणसाची हिंदी आहे. आणि राग आला, प्रेम आले, वेदना आली की हिंदी गळून पडते आणि मराठी निघते. इंग्रजी कादंबरीत ही सारी बोली कल्पनेने ऐकावी लागत होती. विक्रम चंद्र यांनी मुंबईच्या बोलीचे जणू मनातल्या मनात इंग्रजी भाषांतर करून ती आपल्यापुढे ठेवली. मालिकेने तिचे पुन्हा उलट भाषांतर करून तिला घरी आणले. दोन भाषांतरे झाल्यावर वस्तू झिजते असा आम्हा अनुवादकांचा अनुभव आहे. येथे दुसऱ्या भाषांतराने ती भरून निघाली.

दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांना तर या भाषेने एक वेगळाच आरसा दाखविला. पेशव्यांचे सागरचे सुभेदार १७८१मध्ये जबलपुरावर आले, पुढे १७९८पासून १८१७पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल राहिला. त्या काळापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. आमची मराठी हिंदीच्या साच्यात ओतलेली. क्रियापद मराठी आणि वाक्याची चाल हिंदी. पुण्याहून आलेला पाहुणा तिला हसतो. काटेकर नेमका याच्या उलट : शब्द हिंदी आणि चाल मराठी. त्याला ऐकताना आमच्या घरांतून जो आनंद झाला तो केवळ प्रांताभिमानाचा नव्हता. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस हास्यास्पद न होता उभा राहू शकतो, हे आम्हांला पडद्यावर क्वचितच दिसले होते. उलट गायतोंडेच्या तोंडी जेव्हा मराठी शब्द आले तेव्हा याच घरांतून कुरकुर ऐकू आली. नवाजुद्दीन यांचा अभिनय कोणी नाकारला नाही. पण ‘हा आपल्यातला नव्हे’ असे एका वृद्धेने दुसऱ्याच भागात सांगून टाकले, आणि पुराव्यादाखल तिने फक्त एका ‘ळ’कडे बोट दाखविले. एवढी काटेकोर समीक्षा छापील परीक्षणांत मला आढळली नाही.

म्हणून माझे प्रतिपादन असे की, रूपांतराविषयीची प्रेक्षकाची तक्रार ही बहुधा कानाची तक्रार असते. वाचताना प्रत्येकाने पात्रांना आवाज दिलेला असतो. तो आवाज न जुळला की कथानक कितीही तंतोतंत असले तरी परकेपणा वाटतो; जुळला की शेवट बदलला, मृत्यूचे कारण बदलले, तरी क्षमा होते. डोळा सवलत देतो. कान देत नाही.

हे पटल्यावर स्वीडिश मालिकांविषयीचे आपले मत पुन्हा तपासावे लागते. वालांदर पाहून आपल्याकडचे रसिक म्हणतात की स्थळकाळाच्या सीमा ओलांडणारे हे लेखन आहे, इस्ताद काय आणि आपले एखादे जिल्ह्याचे गाव काय, माणूस सर्वत्र सारखा. हे मत उदात्त आहे. पण ते बनते कशावरून? उपशीर्षकांवरून. इस्ताद हे गाव स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने प्रांतात आहे, आणि त्या प्रांताची बोली इतकी वेगळी की राजधानीतले लोक तिची नक्कल करून हसतात. लास्गोर्ड आणि हेन्रिक्सन हे दोघेही त्या प्रांताचे नव्हेत आणि पडद्यावर ती बोलीही बोलत नाहीत. म्हणजे दीक्षितपुऱ्यातल्या वृद्धेला गायतोंडेच्या ‘ळ’मध्ये जे ऐकू आले तेच इस्तादच्या एखाद्या वृद्धेला वालांदरमध्ये ऐकू येत असणार. आपल्याला ते ऐकू येत नाही. आपण ज्याला वैश्विकता म्हणतो ती पुष्कळदा आपली बधिरता असते. त्याच न्यायाने ‘सेक्रेड गेम्स’ १९०हून अधिक देशांत दिसली तेव्हा परदेशी प्रेक्षकाने काटेकरला चांगला सहकारी, दुर्दैवी साथीदार एवढेच ओळखले असणार. त्याची भाषा कोठे बदलते आणि का बदलते हे पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ओळीने त्याला सांगितले नाही.

(उपशीर्षकांची सत्ता किती अनपेक्षित ठिकाणी चालते याचा एक नमुना नमूद करण्यासारखा आहे. दुसऱ्या पर्वात गायतोंडेला त्याच्या वैऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मिळतो असा प्रसंग होता. तो क्रमांक उपशीर्षकात उमटला, आणि तो संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या एका खऱ्या भारतीय गृहस्थाचा निघाला. जगभरातून त्याला दूरध्वनी येऊ लागले. कंपनीने दिलगिरी व्यक्त करून क्रमांक काढून टाकला. संवाद ऐकणाऱ्याने जो आकडा विसरून जावा तो वाचणाऱ्याने उतरवून घेतला.)

आता अनुवादकाच्या नात्याने एका अडचणीकडे लक्ष वेधतो. सरताज आणि काटेकर यांच्या नात्यात मैत्री आहे, विश्वास आहे, परंतु पायरीही आहे. आणि ती पायरी आमच्या भाषांत सर्वनामात असते. वरिष्ठाने एकेरी हाक मारावी, कनिष्ठाने आदरार्थी बोलावे. एकेरीत माया असू शकते, आदरार्थीत दुरावा असू शकतो, आणि नाते बदलले की एखाद्या वाक्यापुरते सर्वनाम डळमळते. इंग्रजीत ‘यू’ या एकाच शब्दाने हे सारे पुसले जाते. त्यामुळे कादंबरीच्या इंग्रजी वाचकाला ही पायरी कृतींवरून, चहा कोण आणतो आणि गाडी कोण चालवितो यावरून ताडावी लागते. मालिकेत ती प्रत्येक वाक्यात ऐकू येते. ‘सेक्रेड गेम्स’ मराठीत आणणाऱ्याला आता इंग्रजी पृष्ठ पुढे ठेवून भागणार नाही. जितेंद्र जोशींचा आवाज त्याच्या वाचकांच्या कानात आधीच बसलेला आहे, आणि काटेकरने ‘सर’ म्हणावे, ‘साब’ म्हणावे की ‘साहेब’ म्हणावे याचा निवाडा त्या आवाजापुढे द्यावा लागेल.

स्वीडिशची अडचण याच्या अगदी उलट आहे, आणि ती शोवाल-वालो यांच्या दहा कादंबऱ्यांच्या काळातच निर्माण झाली. स्वीडिशमध्ये पूर्वी परक्या किंवा वरिष्ठ माणसाशी बोलताना त्याच्या हुद्द्याने, तृतीयपुरुषी बोलण्याचा जाच होता. १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो मोडला. १९६७ साली तेथील सरकारी आरोग्यखात्याचे नवे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’, म्हणजे ‘तू’ म्हणणार असे जाहीर केले, ही घटना त्या परिवर्तनाची खूण मानली जाते. काही वर्षांत अवघा देश एकमेकांना एकेरीत संबोधू लागला. तेव्हा वालांदरचा कनिष्ठ सहकारी त्याला ‘तू’ म्हणतो, आणि त्यात उद्धटपणा नसतो, सलगीही नसते. मराठी अनुवादकाने येथे काय करावे? ‘तुम्ही’ लिहावे तर ज्या समतेचा हा समाज अभिमान बाळगतो, आणि जिच्या आड चाललेला अन्याय उघडा पाडण्यासाठी या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, तीच पुसली जाते. वालांदर आमच्या तालुक्याच्या ठाण्यातला साहेब होतो. ‘तू’ लिहावे तर मराठी वाचकाला प्रत्येक वाक्यात शिपाई साहेबाचा अपमान करतो आहे असे वाटत राहते. मी स्वतः अशा ठिकाणी पहिल्या भेटीपुरते ‘तुम्ही’ ठेवून, एखादा तणावाचा प्रसंग गाठून ‘तू’वर येण्याची युक्ती योजतो. मूळ लेखकाने असा संक्रमणाचा क्षण लिहिलेला नसतो. तो माझ्या पदरचा असतो, आणि वाचक त्या क्षणी दोन पात्रांत काही घडले असे समजून पृष्ठ उलटतो.